धाकलूचा वाटा

ऑफिसात अंगठ्याचं मशीन बसवलं, त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. कल्याणला पालिकेच्या पाणी खात्यात मी कारकून. तेरावं वर्ष चालू आहे. इतकी वर्षं मस्टर होतं, नावापुढं सही ठोकली की दिवस सुरू. यंदा फेब्रुवारीत मस्टर गेलं आणि दाराजवळच्या भिंतीवर एक काळी डबी आली. डबीला काच, काचेमागं हिरवा उजेड. ती बसवायला आलेला माणूस टाय लावून, घाम पुसत उभा होता आणि आम्ही सगळे रेशनच्या दुकानासारखी रांग लावून. "डावा अंगठा द्या, साहेब," तो म्हणाला. "उजवा कामानं झिजतो. डावा एकदा घेतला की जन्माचं काम झालं. माणूस नाव बदलेल, गाव बदलेल, हा नाही बदलत. आता मेल्यावरच सुटका!" सगळे हसले. मीही हसलो, नको तेवढा मोठ्यानं. काचेवर अंगठा ठेवला तर लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मागून कोणीतरी म्हणालं, "भेरेचा अंगठा खोटा आहे रे!" माझ्या पाठीतून अशी कळ निघाली की मी भिंत धरली. तिसऱ्यांदा हिरवं झालं आणि पडद्यावर नाव आलं: जनार्दन धाकलू भेरे. खरं सांगतो, त्या एका क्षणात मला वाटलं होतं की पहिला शब्द येणारच नाही, नुसतं धाकलू भेरे येईल, आणि माझ्या मागची रांग ते वाचेल.

कारण माझ्या डाव्या अंगठ्याला दोन नावं आहेत. ऑफिसात तो माझा, आणि बंदुकीच्या परवान्याच्या पुस्तकात तो माझ्या बापाचा. बाप वारला शहाण्णव साली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. पण सरकारच्या पुस्तकात तो ठणठणीत आहे. सत्त्याण्णवला त्यानं येऊन परवान्याची मुदत वाढवून घेतली, दोन हजारला घेतली, दोन हजार तीनला, दोन हजार सहाला आणि यंदा जानेवारीतही. पाच वेळा अंगठा उठवला मेल्या माणसानं. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडं, शहापूर आणि मुरबाड दोन्हीला सारखंच लांब. पणजोबा जंगलातल्या लाकडाच्या ठेकेदाराकडं होता, त्या ठेकेदारानं जाताना त्याला दोन बंदुका दिल्या. दोन्ही ठासणीच्या: नळीत दारू घालायची, चिंध्या घालायच्या, गजानं ठासायचं, वर छर्रे, आणि मग देवाचं नाव. थोरली बंदूक मुरबाडकडच्या भाऊबंदांत गेली, धाकटी आमच्याकडं राहिली. मुरबाडचा चुलता मेला तेव्हा त्याचा मुलगा सरळ माणूस, गेला आणि सांगितलं, बाप मेला, बंदूक माझ्या नावावर करा. ती पोलिस ठाण्यात ठेवून घेतली ती आजतागायत आली नाही. आमच्यात तेव्हापासून शहाणपण ठरून गेलं की बंदूकवाल्याचं मरण ठाण्यात सांगायचं नसतं. मरणाची नोंदच ग्रामपंचायतीत कोणी केली नाही. जमिनीसाठी तरी लागेल की नाही? तर सातबारा अजून आज्याच्याच नावावर. आमच्या घरात कागदावर कोणी मरतच नाही, अशी गंमत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं त्या गंजक्या नळीत? मीही तेच म्हणायचो, शहरात आल्यावर. पण आमच्याकडं बंदुकीला वाटा असतो. भाताची कापणी झाली की रानडुकरांवर हाका निघायचा. अर्धा गाव आरडाओरडा करत रान हाकायचा, दोघं-तिघं बंदूकवाले डुकरांच्या पायवाटा अडवून बसायचे. डुक्कर पडलं की माळावर सागाच्या पानांवर वाटे पडायचे. हाक्याला आला त्याला एक वाटा. कुत्रं आणलं त्याला अर्धा. आणि बंदुकीला एक, अख्खा, मग ती कोणी का चालवलेली असेना. बंदूक घरी बसलेल्या माणसाची असली तरी तिचा वाटा त्याच्या दारात पोचायचा. बाबा गेला त्या हिवाळ्यात आमची बंदूक शेजारच्या धोंडीनं नेली. संध्याकाळी तो पानात बांधलेला वाटा घेऊन अंगणात आला आणि तिथूनच ओरडला, "काशीबाय, धाकलूचा वाटा आनलाय गो!" सवयीनं म्हणाला बिचारा. बोलून गेल्यावर जीभ चावली असेल. मी ओट्यावर होतो. मला वाटलं आई आता हंबरडा फोडते. आई उठली, परात घेऊन गेली, वाटा घेतला आणि म्हणाली, "ठेव, येतीलच इतक्यात." येतीलच इतक्यात! त्यानंतर कितीतरी वर्षं तो वाटा येत राहिला आणि तसाच हाक मारून येत राहिला. शिकार बंद, कायदा कडक, हे सगळं मी तिला सांगायचो. ती म्हणायची, "मी काय शिकार करते काय रे? दारात येतं ते घेते." पुढं हाके बंद पडले. तरी बंदूक आढ्याला होतीच आणि आई दर अमावस्येला तिला खोबरेल लावायची.

अंगठ्याचं असं घडलं. मुदत वाढवायची म्हणून सत्त्याण्णवच्या जानेवारीत मी आणि बारकूकाका तालुक्याला गेलो. काका म्हणजे बाबाचा पाठचा भाऊ. त्याला कचेरीची भारी धास्ती, तो बाहेर बिडी ओढत राहिला. अर्ज लिहिणारा माणूस झाडाखाली टेबल टाकून बसलेला. त्यानं अर्ज भरला, पुस्तक उघडलं आणि म्हणाला, "म्हाताऱ्याचा डावा अंगठा इथं, आणि इथं. आणलंय का त्याला?" बस, एवढाच क्षण होता. बाप मेला, तीन शब्द लागत नाहीत सांगायला. मी म्हणालो, "चहा पितायत पलीकडं. अंगठा उठवून आणतो." अर्ज, परवान्याचं पुस्तक आणि शाईची डबी घेऊन मी हॉटेलाच्या मागं गेलो. तिथं भांडी घासायची मोरी होती. मी बी. ए. झालेला माणूस, दोन महिन्यांपूर्वी सरकारी नोकरीला लागलेला, मोरीपाशी उकिडवा बसलो आणि अंगठा उठवला. ठसा ठळक आला. आणि एक कबूल करतो, आजवर कोणाजवळ केलं नाही: मला बरं वाटलं. बाबा दहाव्या दिवसाला जसा गेला नव्हता, पिंडाला कावळा शिवला तरी गेला नव्हता, तसाच तो तिथं माझ्या हातातून आला आणि कागदावर बसला. काकाला आणि आईला मी सांगितलं, एजंटनं करून दिलं. पुढच्या चारही वेळा एजंटनंच करून दिलं. एका खोट्याला चार खोटी, चाराला चाळीस, हे काय मला कोणी शिकवायला पाहिजे?

तर मशीन बसलं आणि मी अंगठा धुवायला लागलो. सकाळी धुवायचा, ऑफिसला पोचल्यावर धुवायचा, पंच करून आल्यावर पुन्हा. बायको म्हणाली, "नायटा झालाय का? दाखवा डॉक्टरला." रोज सव्वादहाला त्या काचेपुढं उभं राहिलं की वाटायचं, हे कुठं कुठं जोडलेलं असेल? ठाण्याला? मुंबईला? एखाद्या खोलीत एखादा माणूस दोन ठसे शेजारी ठेवून चष्मा पुसत बसला असेल. नोकरीतून काढतील, आत टाकतील, ते तर झालंच. पण पेपरात येईल, 'पालिकेचा लिपिक मृत बापाच्या नावे', आणि मनस्वी, माझी मुलगी, नववीत आहे, ती ते वर्गात ऐकेल. रात्री जेवून झाल्यावर मी तिचं भिंग घेऊन अंगठा बघत बसलो. लहानपणी आई माझी बोटं बघायची आणि सांगायची, तुला नऊ चक्रं आणि एक शंख, राजा होशील. शंख नेमका डाव्या अंगठ्यावर. बाबाच्या अंगठ्यावर काय होतं? आठवेना. त्याचा अंगठा रुंद होता, नख मधोमध चिरलेलं, मला कुशीत घेतलं की ते माझ्या बनियनच्या दोऱ्यात अडकायचं. नख आठवतं, वास आठवतो, शंख की चक्र तेवढं आठवत नाही. कप्पाळ माझं! परवान्याच्या पुस्तकात पहिल्या पानांवर त्याचे खरे ठसे आहेत आणि पुढच्या पानांवर माझे. नुसत्या डोळ्यानंही कळेल, कोणी बघायचं मनात आणलं तर.

आणि मार्चात, निवडणुका लागल्या तशी बारकूकाकाचा फोन आला. दर निवडणुकीला बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. काका जायचा, म्हातारा आजारी म्हणायचा, जमा करायचा, मतदान झालं की घेऊन यायचा. "जान्या, औंदा निस्ती बंदूक चालत नाय," काका म्हणाला. "नवा सायेब आलाय. परवानेवाला मानूस सोता पायजे म्हनतो. फोटू काढनार, अंगठा जुन्याशी मिळवून बगनार. म्हाताऱ्यांची लई नावं हायेत म्हनं, जिती किती नि मेलेली किती ते बगायचंय त्याला." मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तिथंच बसलो. लोक माझ्या अंगावरून वर-खाली करत होते.

रविवारी गावाला गेलो. ओट्यावर आई, काका आणि मी, मधे बंदूक. काकानं आपला बेत आधीच करून ठेवला होता. "मी उभा ऱ्हातो धाकलू म्हनून. तोंडावळा येकच हाय आमचा. टोपी घातली की कोन वळखनार?" आणि खरंच त्यानं टोपी घातली तर आईनं पटकन मान फिरवली, इतका तो बाबासारखा दिसला. मी ओरडलोच, "नको! अजिबात नको!" काका दुखावला. "का रे बाबा? माजा अंगठा काय सडलाय?" मी काय सांगू? की तुझा अंगठा बाबाशी मिळणार नाही आणि माझ्याशीही मिळणार नाही? फोटोचं काहीतरी बोललो, आवाज चढवला, नोकरीचा बाऊ केला. घरात कोणी शिकलेला ओरडायला लागला की बाकीचे गप्प होतात, त्याचा मी फायदा घेतला. मग म्हणालो, खरं सांगून टाकू या, शहाण्णवला गेला म्हणून. काका म्हणाला, "आन मंग तेरा वर्सं मुदत कोनी वाढवली, त्यो सायेब इचारंल त्याचं?" तेच तर! ते विचारलं की संपलं सगळं. शेवटी आई बोलली. "मंग आता गेला म्हनून सांगा." मी बघतच राहिलो. "शिमग्याला गेला म्हना. नोंद आजून झाली नाय ना? मंग करा की. सरपंचाला मी सांगते. गावात कोन बोलनार हाय? धाकलूच्या बंदुकीचं मटन समद्यांनी खाल्लंय." इतक्या सरळपणे ती बोलली, जणू मेथी निवडत होती. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी तिचा रागही आला. मेल्यावर अंगठा लागत नाही. सुटलो! पण इतकं सोपं असतं का बाईला, नवऱ्याला दुसऱ्यांदा मारणं? तेवढ्यात ती म्हणाली, "वार तेवडा गुरवार ठेव. गुरवारीच गेला व्हता त्यो." शिमग्याच्या आठवड्यात गुरुवार पडला बारा मार्च. तो ठरला.

केसांचं मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. काकाच म्हणाला, "दहावं शनिवारी येतं. सोमवारी ठान्यात जायचं, तर डोकं असं ठेवून जाशील? बाप मेलेला मानूस दिसाया नको?" दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही. कारण आमच्या घरात त्या विषयाला कोणी हात लावत नाही. शहाण्णवला बाबाच्या दहाव्याला मी केस दिले नव्हते. सोमवारी पालिकेत हजर व्हायचं होतं, ओळखपत्राचा फोटो काढायचा होता, नवीन नोकरी. न्हाव्याला म्हणालो, शेंडीपाशी कातरीनं बट काप, झालं. भावकीत कुजबुज झाली. बारकूकाका काही न बोलता माझ्या जागेवर बसला आणि त्यानं आपलं डोकं भादरून घेतलं. आईनं त्यावर कधी अक्षर काढलं नाही. तिनं भांडायला हवं होतं, चार माणसांत माझी लाज काढायला हवी होती. काढली नाही, म्हणून ते तेरा वर्षं तसंच राहिलं, दातात अडकलेल्या सुतासारखं. यावेळी शनिवारी नदीवर गेलो. म्हातारा न्हावी तोच. पात्यानं कपाळापासून मागं पहिला पट्टा काढला, केस मांडीवर पडले, निम्मे पांढरे. तेरा वर्षांपूर्वी दिले असते तर सगळे काळे असते. हा विचार आला आणि मला रडू फुटलं. साधं नाही, खांदे हलून, नाक गळून, न्हाव्याला पातं बाजूला धरावं लागलं. "बाबा!" म्हणालो मी, मोठ्यानं, पंचेचाळीस वर्षांचा माणूस. काका पाण्यात पाय सोडून बसला होता, तो उठून लांब गेला. घरी आलो तर आई दारात. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मागं मानेपर्यंत. "आता गेला बग त्यो," ती म्हणाली. "आता सुटला." आणि तिनं वरणभात वाढला, दोनदा वाढला. मशीन बसल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

सोमवारी ठाण्यात तिघं गेलो. वारस म्हणून आईलाही यावं लागलं. बंदूक काकानं चादरीत गुंडाळून आणली होती. साहेब माझ्याहून लहान, गोरा, चष्मेवाला, नुकता अंघोळ करून आल्यासारखा स्वच्छ. मी त्याच्यापुढं मृत्यूचा दाखला ठेवला, शाई ताजी. त्यानं तारीख वाचली, माझं डोकं बघितलं, आणि खुर्चीवरून अर्धा उठला. "अरे! परवाच दहावं झालं असेल. बसा, बसा तुम्ही. आजी, तुम्ही खुर्चीवर बसा." पाणी मागवलं. असला माणूस मी अपेक्षिला नव्हता. ओरडणारा असता तर परवडला असता. त्यानं परवान्याचं पुस्तक उघडलं, एकेक पान उलटत गेला. मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. बाबाचे ठसे गेले, माझा पहिला आला, दुसरा आला. तो थांबला. "म्हातारबुवांनी एकदाही मुदत चुकवली नाही हो," तो म्हणाला. "नाहीतर लोक! गेल्या आठवड्यात पाच जणांचे बाप वर्षांपूर्वी मेलेले निघाले." त्यानं पुस्तक मिटलं. मी इतक्या जोरात श्वास सोडला की आईनं माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं संपलं. आता पोच मिळेल, उठायचं, बाहेर जायचं. पण त्या भल्या माणसानं कप्प्यातून एक फॉर्म काढला. "हे बघा, एरवी मी ही जुनी हत्यारं सरकारजमा करा म्हणूनच सांगतो. पण तुमचं घराणं नियमात वागलेलं, तुम्ही स्वतः सरकारी नोकर. चार पिढ्यांची वस्तू आहे. वारस म्हणून तुमच्या नावावर करून घ्या, मी आजच शिफारस लिहितो. इथं सही, आणि इथं डावा अंगठा. हे आणि जुनं पुस्तक एकत्र जातं ठाण्याला, कलेक्टर कचेरीत, तिथं दोन्ही पडताळून घेतात." फॉर्मवर चौकोन होता, रिकामा, बरोबर अंगठ्याएवढा. शाईची डबी त्यानं स्वतः उघडून माझ्याकडं सरकवली. "घे रे," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. अख्ख्या ठाण्यात ती एकटी हसत होती. काकानं चादर सोडून बंदूक टेबलावर ठेवली, खोबरेल लावलेली, चकचकीत. "देवमानूस हाय सायेब," काका म्हणाला. "जान्या, उठव अंगठा."

मी म्हणालो, "नको, साहेब."

साहेबांना वाटलं मी दुःखात बोलतोय. त्यांनी पुन्हा समजावलं, मी पुन्हा नको म्हणालो. काका म्हणाला, "आरं येडा का खुळा? हातानं देतायत!" मी म्हणालो, मी शहरात राहतो, मला काय करायची, जुनाट आहे, धोक्याची आहे, घरात मुलगी आहे. एकेक कारण तोंडातून बाहेर पडत होतं आणि एकेक कारण आईच्या तोंडावर बसत होतं. शेवटी साहेबांनी सुस्कारा सोडला आणि माझं निवेदन लिहून घेतलं. लिहिलं ते वाचून दाखवायचा नियम आहे, त्यांनी आईसाठी मोठ्यानं वाचलं: "मयताचा मुलगा जनार्दन, मला माझ्या वडिलांच्या हत्याराची गरज नाही व त्यावर माझा कोणताही हक्क मी सांगत नाही." आई उभी राहिली. "मंग माज्या नावावर करा, सायेब." साहेब हसले, वाईट नाही, मायेनंच. "आजी, तुम्ही काय करणार बंदुकीचं?" आई म्हणाली, "घरात कोनतरी मानूस पायजे ना, सायेब." ते हसायचे थांबले. नियमात बसत नाही म्हणाले, वय बसत नाही. एका शिपायानं नळीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आणि बंदूक आत नेली. आमचं वाचलं ते सगळं वाचलं: माझी नोकरी, माझं नाव, मनस्वीचा वर्ग. दुपारचे बारा वाजले होते.

एसटीच्या थांब्यावर सावली नव्हती. काका लांब जाऊन उभा राहिला, त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं. आई माझ्याशेजारी, पदर डोक्यावर घेऊन. माझं उघडं डोकं तापून भाजत होतं. मी मनात शब्द जुळवत होतो. सांगून टाकावं तिला: आये, बाबाचे ते ठसे माझे होते, म्हणून नको म्हणालो, मला बंदूक नको होती असं नाही. पण ती ते काकाला सांगणार, काका धोंडीला, आणि धोंडीच्या ओट्यावर अख्खा गाव बसतो. बारा-तेरा वर्षं नोकरी राहिली आहे माझी. शब्द आले तसे गिळले.

"जानू," आई म्हणाली. लहानपणानंतर तिनं मला जानू म्हटलं नव्हतं. ती माझ्या डोक्याकडं बघत होती. "म्हंजी केस तू पोलिसांसाटी काडलेस व्हय?"

"नाही आये. बाबासाठी काढले," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. तेरा वर्षांत मी तिला सांगितलेली ही एकच पूर्ण खरी गोष्ट. तिनं साहेबांसारखीच मान हलवली, निवेदन लिहून घेताना त्यांनी हलवली होती तशी. मुरबाडची गाडी आली. काकानं तिचा हात धरून तिला वर चढवलं.